पाऱ्याची वाट परभणीपर्यंत

१८८९ च्या ऑक्टोबरात लंडनचे एक नामांकित डॉक्टर हैदराबादेत दाखल झाले. टॉमस लॉडर ब्रंटन त्यांचं नाव. त्यांच्या येण्यासाठी निजाम मीर महबूब अली खान यांनी एक हजार पौंड दिले होते आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने त्यांची निवड केली होती. वाद होता क्लोरोफॉर्मचा. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देताना अधूनमधून रोगी दगावत. हृदय बंद पडून दगावतात की श्वास थांबून, यावर डॉक्टरांत दोन तट पडले होते. हैदराबादच्या रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी ठामपणे म्हणत की आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. श्वासावर नजर ठेवली की क्लोरोफॉर्मला भिण्याचं कारण नाही. १८८८ मध्ये नेमलेल्या पहिल्या समितीने लॉरींची बाजू उचलून धरली होती, पण लंडनला ते पटलं नव्हतं. म्हणून ही दुसरी समिती.

या समितीने जे केलं ते या उपखंडातल्या वैद्यकाच्या इतिहासात ठळक अक्षरांत लिहायला हवं. कुत्री, माकडं, शेळ्या, घोडे अशा शेकडो प्राण्यांना क्लोरोफॉर्म देण्यात आलं. त्यातल्या अनेकांची धमनी उघडून तिला नळी जोडली, नळी पाऱ्याच्या दाबमापकाला जोडली आणि पाऱ्याबरोबर वरखाली होणाऱ्या काटकीने फिरत्या पंचपात्रावर दाबाची रेघ ओढली. या यंत्राला कायमोग्राफ म्हणत. क्लोरोफॉर्म वाढलं की रेघ खाली कशी येते, श्वास कधी अडतो, हृदय कधी थांबतं, हे सारं त्या रेघांतून वाचलं गेलं. ब्रंटन आले तेव्हा त्यांचा कल हृदयाकडे होता. परत गेले तेव्हा ते लॉरींच्या मताचे झाले होते.

परभणी तेव्हा याच निजामाच्या मुलखातला एक जिल्हा. गोदावरी, पूर्णा, दुधनेच्या काठची काळी जमीन, कापूस आणि ज्वारी. या मुलखाच्या राजधानीत रक्तदाबाच्या रेघा उमटत होत्या, तेव्हा जिंतूरच्या किंवा गंगाखेडच्या शेतकऱ्याचा रक्तदाब भरवशाने मोजण्याचं साधन जगातल्या कुठल्याच डॉक्टरकडे नव्हतं. धमनी न कापता जिवंत माणसाचा दाब असा मोजता येईल असं यंत्र अजून सात वर्षांनी जन्माला यायचं होतं. ते यंत्र कसं घडलं आणि परभणीच्या उपकेंद्रातल्या टेबलापर्यंत कुठल्या वाटेने आलं, याची ही कथा. या कथेत यंत्र सुधारलं ते दर वेळी मोजण्यातली एखादी चूक कुणीतरी ओळखली म्हणून, आणि ते काम अजून संपलेलं नाही.

घोडीच्या धमनीतली काचनळी

हृदय आकुंचन पावतं तेव्हा रक्त धमन्यांत जोराने ढकललं जातं आणि धमनीच्या भिंतीवर त्याचा दाब पडतो. हृदय सैल पडतं तेव्हा तो दाब उतरतो, पण शून्यावर येत नाही. विहिरीवरची मोटर पाइपात पाणी ढकलते तेव्हा पाइप ताठ होतो, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की हृदय थांबून थांबून ढकलतं, म्हणून दाबाचे आकडे दोन, वरचा आणि खालचा.

नाडीच्या ठोक्यातून हा ताठपणा बोटांना कळतो, हे जुन्या वैद्यांना ठाऊक होतं. शार्ङ्गधर संहितेत नाडीपरीक्षेला स्वतंत्र स्थान आहे. मराठवाड्यातल्या गावोगावच्या वैद्यांनी आणि हकिमांनी मनगटावर तीन बोटं ठेवून पिढ्यान् पिढ्या रोग्याची परीक्षा केली. पण बोटांनी कळलेलं दुसऱ्याला जसंच्या तसं सांगता येत नाही आणि सहा महिन्यांनी आठवून ताडूनही पाहता येत नाही. त्यासाठी आकडा लागतो.

पहिला आकडा दिला एका इंग्रज पाद्र्याने. स्टीफन हेल्स यांना झाडांत रस कसा चढतो याचं कुतूहल होतं, तेच पुढे प्राण्यांच्या रक्ताकडे वळलं. एका घोडीला जमिनीवर बांधून त्यांनी तिच्या मांडीच्या धमनीत पितळी नळी बसवली आणि तिला नऊ फूट उंचीची काचनळी जोडली. रक्त नळीत चढत गेलं आणि हृदयाच्या पातळीपासून ८ फूट ३ इंचांवर जाऊन ठोक्यागणिक हेलकावत राहिलं. १७३३ मध्ये हेल्स यांनी हा प्रयोग ग्रंथात छापला. आजच्या मापात तो दाब १९० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास भरतो. बांधलेल्या, घाबरलेल्या जनावराचा दाब तेवढा असणारच. भीतीने दाब चढतो हे सत्यही त्या पहिल्याच आकड्यात दडलेलं होतं.

नऊ फुटांची नळी रुग्णालयात चालणार कशी? १८२८ मध्ये पॅरिसच्या प्वाझॉय यांनी नळीत पारा भरला. पारा पाण्याच्या तेरा-साडेतेरा पट जड. त्यामुळे जो दाब पाण्याला सव्वापाच फूट उचलतो तो पाऱ्याला १२० मिलिमीटर उचलतो. तेव्हापासून जग रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरांत सांगू लागलं आणि यंत्रातून पारा गेल्यावरही त्याच मापात सांगतं आहे. १८४७ मध्ये कार्ल लुडविग यांनी पाऱ्यावर तरंगती काटकी बसवून दाबाला स्वतःची रेघ लिहायला लावली. हैदराबादेत फिरत होतं ते याच कुळातलं यंत्र.

पाटण्याच्या रक्ताचा डॉक्टर

धमनी न कापता दाब मोजायचा तर बाहेरून दाबून पाहायचं: नाडी बंद व्हायला किती जोर लागतो, तोच आतला दाब. हा विचार १८५५ च्या सुमारास जर्मनीत कार्ल फोन फीरोर्ट यांनी मांडला. फ्रान्सच्या मारे यांनी १८६० मध्ये मनगटावर बांधून नाडीची रेघ काढणारं सुटसुटीत यंत्र केलं. त्या यंत्राचा सर्वांत मोठा उपयोग करून घेतला लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या एका तरुणाने. फ्रेडरिक अकबर मोहम्मद त्याचं नाव. त्याचे आजोबा शेख दीन मोहम्मद मूळचे पाटण्याचे. त्यांनी १८१० मध्ये लंडनमध्ये हिंदुस्थानी पद्धतीचं भोजनगृह काढलं आणि पुढे ब्रायटनला स्नानगृह चालवून नाव मिळवलं. त्यांचा हा नातू १८४९ मध्ये जन्मला.

अकबर मोहम्मद यांनी मारेंच्या यंत्राला नाडीवरचा जोर मोजण्याची सोय जोडली आणि शेकडो रोग्यांच्या नाड्या नोंदवल्या. तोवर समजूत अशी की नाडी टणक झाली म्हणजे मूत्रपिंड बिघडलेलं असणार. मोहम्मद यांना वेगळीच माणसं सापडली: लघवीत दोष नाही, अंगावर सूज नाही, कामधंदा नीट चाललेला, पण नाडी टणक आणि ताठ. रक्ताचा ताण आधी वाढतो, मूत्रपिंड आणि हृदय नंतर बिघडतं, असा क्रम त्यांनी १८७० च्या दशकात मांडला. आज ज्याला आपण लक्षणांविना वाढलेला रक्तदाब म्हणतो त्याची ही पहिली स्पष्ट ओळख. १८८४ मध्ये, पस्तिशीत, विषमज्वराने त्यांचा मृत्यू झाला. पुढे आलेला दंडावरचा पट्टा त्यांना मिळाला असता तर रक्तदाबाचा इतिहास पंचवीस वर्षं पुढे सरकला असता, असं मला मनापासून वाटतं. त्यांचं नाव आपल्याकडे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक नसतं, याचं वाईट वाटतं.

सायकलची ट्यूब आणि रशियन कान

१८८१ मध्ये व्हिएन्नाचे फोन बाश यांनी पाण्याने भरलेला रबरी फुगा मनगटावर दाबून दाब मोजला. पण फुगा जरा सरकला की आकडा बदले. १८९६ मध्ये इटलीतल्या तुरिनच्या स्किपिओने रिव्हा-रोची यांनी हा प्रश्न साधेपणाने सोडवला. मनगट सोडून ते दंडाकडे गेले. दंडाला एकच हाड आणि त्यालगत एकच मोठी धमनी. सायकलच्या ट्यूबसारखी रबरी नळी दंडाभोवती गुंडाळायची, फुग्याने हवा भरायची, मनगटावरची नाडी बंद झाली की पाऱ्याचा आकडा वाचायचा. रोगी घाबरलेला असेल तर आकडा वर जातो हेही त्यांनी बजावून ठेवलं. त्यांचा पट्टा अवघा पाच सेंटिमीटर रुंद होता. अरुंद पट्टा धमनी दाबायला जास्त जोर मागतो, म्हणून आकडा खोटाच चढा येतो, हे १९०१ मध्ये फोन रेकलिंगहाउझेन यांनी दाखवलं आणि पट्टा बारा-तेरा सेंटिमीटरांचा झाला. त्याच वर्षी अमेरिकन सर्जन हार्वी कुशिंग यांनी इटलीत हे यंत्र पाहिलं आणि ते अमेरिकेला नेलं.

तरीही अर्धंच काम झालं होतं. नाडी बोटाने चाचपून फक्त वरचा आकडा मिळे. खालचा आकडा दिला निकोलाय कोरोत्कोव्ह या रशियन सर्जनने. रशिया-जपान युद्धात गोळ्यांनी फाटलेल्या धमन्यांवर ते काम करत होते. जखमी धमनी बांधली तर हात-पाय वाचेल की कापावा लागेल, हे आधी कळावं म्हणून ते धमनीवर नळी लावून ऐकत. त्या ऐकण्यातून एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. पट्टा फुगवून धमनी पूर्ण दाबली की कोपराच्या खोबणीत काहीच ऐकू येत नाही. हवा हळूहळू सोडली की एका क्षणी टक् टक् सुरू होतं. हवा आणखी सोडली की आवाज मऊ होत होत नाहीसा होतो. सुरुवात म्हणजे वरचा आकडा, शेवट म्हणजे खालचा. १९०५ च्या नोव्हेंबरात सेंट पीटर्सबर्गच्या लष्करी वैद्यकीय अकादमीत त्यांनी हे सांगितलं. सारं टिपण जेमतेम एका पानात मावलं. ऐकणाऱ्यांतल्या काहींना हे आवाज हृदयातूनच येतात असं वाटलं. ते धमनीतच उमटतात हे कोरोत्कोव्ह यांनी प्राण्यांवर प्रयोग करून सिद्ध केलं.

आवाज मऊ झाला तो खालचा आकडा धरायचा की पूर्ण थांबला तो, यावर पुढे अनेक दशकं वाद चालला. १९३९ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनच्या हृदयतज्ज्ञांनी मिळून मोजण्याचे पहिले समान नियम ठरवले. शेवटी आवाज थांबला तोच आकडा ग्राह्य ठरला. हा वाद किरकोळ वाटेल, पण एकाच माणसाला एका डॉक्टरने रोगी आणि दुसऱ्याने निरोगी ठरवावं इतका फरक त्यातून पडत होता.

हैदराबादच्या क्लोरोफॉर्म समितीचाही निकाल कोरोत्कोव्ह यांच्यानंतर काही वर्षांतच फिरला. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवलं की हलक्या भुलीत असताना क्लोरोफॉर्मने हृदयाचे कप्पे एकाएकी थरथरू लागतात आणि रोगी जागच्या जागी दगावतो. समितीने दाबाच्या रेघा प्रामाणिकपणे काढल्या होत्या, पण खऱ्या धोक्याचा क्षण तिच्या हाती लागला नाही. मोजमाप खरं असलं तरी कधी मोजलं आणि कशासाठी मोजलं, यावर त्याचा अर्थ ठरतो.

आकडा कळला, उपाय नव्हता

यंत्र आलं तरी वाढलेल्या दाबाचं करायचं काय, हे पुढची चाळीस वर्षं कळत नव्हतं. वय वाढलं, धमन्या कडक झाल्या, तर रक्त पोचवायला शरीरच दाब वाढवतं. तो उतरवणं घातक, असं कित्येक मोठे डॉक्टर मानत. सर्वांत आधी जागं झालं ते आयुर्विम्याचं जग. १९०७ च्या सुमारास अमेरिकेतल्या एका विमा कंपनीने अर्जदारांचा रक्तदाब तपासायला सुरुवात केली. आकडा चढा असणारी माणसं लवकर मरतात, हे विम्याच्या नोंदवह्यांतून दिसू लागलं. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा वरचा आकडा १९३७ मध्ये १६२ होता, मार्च १९४४ मध्ये १८६. १२ एप्रिल १९४५ ला मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, तेव्हा तो ३०० च्या घरात पोचला होता. जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान माणसाच्या डॉक्टरांकडेही आकडा लिहून ठेवण्यापलीकडे फारसं काही नव्हतं.

उपायाच्या वाटेवरचा एक मोठा टप्पा मुंबईचा आहे. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या झोपेसाठी, वेडाच्या झटक्यांवर दिली जाई. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती रक्तदाबावर चालते असं नोंदवलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयाशी संबंधित हृदयतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ही मुळी रक्तदाबाच्या रोग्यांना दिली, त्यांचा दाब औषधाआधी आणि नंतर पुन्हापुन्हा मोजला आणि ५० रोग्यांच्या नोंदी १९४९ च्या ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापल्या. तो लेख वाचून अमेरिकेत बॉस्टनच्या डॉक्टरांनी सर्पगंधा वापरून पाहिली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपिन वेगळं काढण्यात आलं. डॉ. वकिलांना १९५७ चा लास्कर पुरस्कार मिळाला, १९५८ मध्ये पद्मभूषण. पुढे या औषधाने काहींना खिन्नता येते हे कळलं आणि ते मागे पडलं. पण एक देशी मुळी जगाने मान्य केली ती कुणाच्या भिडेखातर नव्हे. वकिलांनी पुन्हापुन्हा पाऱ्याचा आकडा लिहून ठेवला होता, म्हणून.

मुलूख मुक्त झाला, वैद्यक लांबच राहिलं

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि परभणी स्वतंत्र देशाचा जिल्हा झाली. योगायोग असा की त्याच वर्षी अमेरिकेत फ्रेमिंगहॅम या लहानशा गावात ५,२०९ निरोगी माणसांना वर्षानुवर्षं तपासत राहण्याचा अभ्यास सुरू झाला. रक्तदाब जितका चढा तितका लकव्याचा आणि हृदयविकाराचा धोका मोठा, हे त्या गावाने जगाला शिकवलं. १९६७ आणि १९७० मध्ये अमेरिकेतल्या निवृत्त सैनिकांवरच्या चाचण्यांनी पुढचा दुवा जोडला: दाब औषधांनी उतरवला की माणसं खरोखर वाचतात. मोजण्याला अर्थ आला तो तेव्हा.

परभणीत मात्र डॉक्टरच मोजके होते. निजामाच्या काळात १८४६ मध्ये हैदराबादेत निघालेली वैद्यकीय शाळा या साऱ्या मुलखाची एकमेव आशा होती. रूपाबाई फर्दुनजी, भूल देणाऱ्या जगातल्या पहिल्या काही स्त्रियांपैकी एक, तिथेच लॉरींच्या हाताखाली शिकल्या. विलीनीकरणानंतर मराठवाड्याला आपलं पहिलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये औरंगाबादला मिळालं. सत्तरच्या दशकात अंबाजोगाईला, १९८८ मध्ये नांदेडला, २००२ मध्ये लातूरला आणखी महाविद्यालयं निघाली. परभणीला स्वतःचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं ते २०२३ मध्ये. तोवर जरा बिकट झालेला रोगी म्हणजे नांदेड नाहीतर औरंगाबादची वाट, हेच इथल्या घराघरांतलं गणित होतं.

गावात नियमाने रक्तदाब मोजला जाई तो मुख्यतः गरोदर बाईचा. उपकेंद्रातल्या सिस्टर पट्टा बांधून, कोपरात स्टेथो लावून बीपी घेत, कारण गरोदरपणात चढलेला दाब झटके आणून आईचा आणि बाळाचाही जीव घेतो. बाळंतपण झालं की तीच बाई यंत्रापासून दूर जाई. पन्नाशीत डोकं ठणकू लागलं किंवा तोंड वाकडं झालं की मगच पुन्हा पट्टा बांधला जाई. घरातल्या पुरुषाचं तर तेवढंही नव्हतं. लकवा मारल्यावर कळे की बीपी होता.

हे चित्र बदलायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पहिल्यांदा देशातल्या प्रत्येक जिल्ह्यात, म्हणजे परभणीतही, घरी जाऊन लोकांचा रक्तदाब मोजला गेला. २०१९-२१ च्या फेरीत १५ वर्षांवरच्या सर्वांचा. देशभरात २४ टक्के पुरुषांचा आणि २१.३ टक्के बायकांचा दाब चढा होता किंवा त्यांना औषध चालू होतं. २०१७ च्या अखेरीस रक्तदाब नियंत्रणाचा जो राष्ट्रीय उपक्रम पाच राज्यांत सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातले पहिले चार जिल्हे होते सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा. मराठवाड्यातला एकही नव्हता. आता आशाताई तिशीपुढच्या माणसांची माहिती फॉर्मवर भरून घेतात आणि उपकेंद्राच्या आरोग्य मंदिरात समुदाय आरोग्य अधिकारी दाब तपासतात. हैदराबादेत १८८९ मध्ये श्वानाच्या धमनीतून उमटलेली रेघ या टेबलापर्यंत यायला एका शतकाहून कितीतरी अधिक काळ लागला.

पारा गेला, बटण आलं

मधल्या काळात यंत्रही पालटलं. जपानच्या मिनामाटा गावात पाऱ्याच्या विषाने माणसं मेली, अपंग झाली. त्या गावाच्या नावाने २०१३ मध्ये जागतिक करार झाला आणि पाऱ्याची उपकरणं मागे घेण्याचं ठरलं. भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. टेबलावर उभी राहणारी, झाकण उघडताच पाऱ्याची रुपेरी रेघ दाखवणारी पेटी आता हळूहळू दिसेनाशी होते आहे. तिच्या जागी घड्याळासारखा काटा असलेलं यंत्र किंवा बटण दाबायचं डिजिटल यंत्र आलं.

डिजिटल यंत्र कान लावत नाही. पट्ट्यातली हवा उतरताना धमनीच्या ठोक्याने हवेत जी थरथर होते ती ते टिपतं. ही थरथर मारे यांनीच १८७६ मध्ये पाहिली होती. १९७६ मध्ये तिच्यावर चालणारं स्वयंचलित यंत्र बाजारात आलं. थरथर सर्वांत मोठी असते तिथे सरासरी दाब असतो, आणि वरचा-खालचा आकडा यंत्र त्यावरून हिशेबाने काढतं. हिशेबाची रीत प्रत्येक कंपनीची आपापली. म्हणून तपासून प्रमाणित केलेलंच यंत्र घ्यावं लागतं, आणि ज्यांच्या नाडीचा ताल बिघडलेला आहे त्यांच्या बाबतीत एका आकड्यावर विसंबून चालत नाही. काट्याच्या यंत्राचं आतलं स्प्रिंग ढिलं पडतं. सहा महिन्यांनी ते चांगल्या यंत्राशी ताडून पाहिलं नाही, तर ते खोटं बोलत राहतं आणि कुणाला कळतही नाही.

१४० आणि १३८ मधला माणूस

आपल्याकडे १४०/९० पासून पुढे वाढलेला रक्तदाब मानतात. २०१७ मध्ये अमेरिकेने रेघ १३०/८० वर आणली, भारतात साधारण जुनीच चालते. ही रेघ निसर्गाने आखलेली नाही. विसाव्या शतकाच्या मध्याला इंग्रज डॉक्टर जॉर्ज पिकरिंग यांनी आग्रहाने मांडलं की दाब आणि धोका दोन्ही सलग चढत जातात, रोगी आणि निरोगी अशी दोन वेगळी माणसं नसतात. हे खरं आहे. पण औषध कुणाला द्यायचं हे ठरवायला रेघ लागतेच, आणि एकदा रेघ आली की चार-पाच मिलिमीटरांच्या चुकीने माणूस इकडचा तिकडे जातो.

म्हणून मोजण्याची रीत हाच निदानाचा पाया आहे. पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही. लघवी आधी करून यायची. अर्धा तास आधी चहा नाही, तंबाखू नाही. दंड हृदयाच्या पातळीला टेकवायचा. हात खाली लोंबकळत असेल तर दर दहा सेंटिमीटरांमागे सात-आठ मिलिमीटरांनी आकडा खोटा चढतो. पट्टा उघड्या दंडावर बांधायचा, सदऱ्याच्या बाहीवरून नाही. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा चढतो, हाडकुळ्या दंडाला मोठा लावला तर उतरतो. मोजताना बोलायचं नाही, बोलवायचं नाही. मिनिटा-दोन मिनिटांनी दुसऱ्यांदा मोजायचं, पहिल्या भेटीत दोन्ही हातांचा. एका दिवसाच्या आकड्यावर कुणाला आयुष्यभराचं औषध लावायचं नाही आणि एका चांगल्या आकड्यावर कुणाला बरं झाल्याचंही सांगायचं नाही.

ही यादी पाठ असणं आणि परभणीच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी अकरा वाजता ती पाळणं यांत मोठं अंतर आहे. दाराशी रांग, टेबलासमोर एकच स्टूल, बस पकडायची घाई. एकाचा हात पट्ट्यात असतानाच दुसरा आपलं दुखणं सांगत असतो. त्या घाईत कागदावर १२०/८०, १३०/८०, १४०/९० असे गोल आकडे पडतात. माणसांचे दाब असे शून्यावर येऊन थांबत नाहीत. जिथे साऱ्या नोंदी शून्याने संपतात तिथे मोजण्यापेक्षा अंदाज जास्त झालेला असतो.

परभणीला तिच्या हवेमुळे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. इथला उन्हाळा चाळिशीच्या पुढे जातो आणि हिवाळ्यात कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत किमान तापमान कधी कधी ५ अंशांच्याही खाली नोंदलं जातं. थंडीत कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि दाब चढतो. उन्हात त्या सैलावतात, घामावाटे पाणी आणि मीठ जातं, दाब उतरतो. मे महिन्यात आकडा बरा आला म्हणून गोळी थांबवलेला माणूस डिसेंबरात लकव्याने पडू शकतो. त्यात गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूरकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. दाब चढतो त्याच महिन्यांत ती आपल्या उपकेंद्रापासून शेकडो कोस दूर असतात. त्यांना निघतानाच साऱ्या हंगामाच्या गोळ्या आणि आकडे लिहिलेलं कार्ड हातात मिळालं पाहिजे, आणि ते कार्ड कारखान्याच्या गावातल्या केंद्रात विनातक्रार चाललं पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार भारतात ३० ते ७९ वयातल्या सुमारे १८.८ कोटी माणसांचा रक्तदाब वाढलेला आहे. त्यातल्या ३७ टक्क्यांचंच निदान झालेलं, आणि दाब आटोक्यात आहे तो अवघ्या १५ टक्क्यांचा. आज गोळी रोजच्या चहाहून स्वस्त आहे आणि सरकारी केंद्रात फुकट मिळते. रूझवेल्टच्या डॉक्टरांकडे जे नव्हतं ते परभणीच्या उपकेंद्राच्या कपाटात आहे. तरी माणसं लकव्याने आडवी होतात, ती गोळी नाही म्हणून नव्हे. त्यांचा दाब कुणी मोजलेला नसतो, किंवा मोजलेला असतो पण धड नाही, किंवा धड मोजून पुन्हा कुणी विचारलेलं नसतं.

हेल्सपासून कोरोत्कोव्हपर्यंत प्रत्येकाने आपल्या आधीच्याची एकेक चूक दुरुस्त केली. आता उरलेली दुरुस्ती कुठल्या शोधाची वाट पाहत नाही. प्रत्येक केंद्रात दोन मापांचे पट्टे, तपासून घेतलेलं यंत्र, पाठ टेकवायला खुर्ची, आणि प्रत्येक माणसामागे पाच मिनिटांचा निवांतपणा, एवढ्यानेच ती होईल. नव्या वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या पहिल्या तुकडीने जिल्ह्यातल्या प्रत्येक उपकेंद्रात ही पाच मिनिटं रुजवली, तर परभणीने या इतिहासात स्वतःचं पान लिहिलं असं म्हणता येईल. आणि तोवर, तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी दोन्ही आकडे मागून घ्यावेत, कागदावर तारखेसह लिहून ठेवावेत आणि पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर ठेवावेत. तो कागद मागणं हा आपला हक्क आहे.